औषध घरी, रुग्ण घरी : मद्रासच्या 193 क्षयरुग्णांचं प्रकरण

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. देशात त्या वेळी क्षयाचे सुमारे 25 लाख रुग्ण होते आणि त्यांच्यासाठी साधारण 6 हजार खाटा होत्या. एका खाटेमागे चारशेहून जास्त माणसं. प्रत्येकाला एक वर्ष खाट द्यायची म्हटलं, तर रांगेतल्या शेवटच्या माणसाची पाळी चारशे वर्षांनी येणार. आणि दरवर्षी सुमारे 5 लाख माणसं या रोगानं मरत होती.

डॉक्टरांचा सल्ला मात्र एकच असायचा: सॅनेटोरियममध्ये जा. आपल्याकडेही तेच. ज्याला परवडेल त्यानं पाचगणीला डॉ. बिलिमोरियांच्या बेल-एअरला जावं, नाहीतर मिरजेजवळ वानलेसवाडीला. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. ज्याला परवडत नसे त्याच्या नशिबी चाळीतली खोली आणि कोपऱ्यातली सतरंजी. 'हवापालट' हा शब्द मराठी घरांत इतका रुजला तो बहुधा याच रोगामुळे. औषध नव्हतंच, तेव्हा हवा तरी बदलायची.

मग औषधं आली, तीही आठ-नऊ वर्षांत एकामागून एक. स्ट्रेप्टोमायसिन 1944 मध्ये जाहीर झालं. पाठोपाठ पीएएस (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड) आलं आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड. स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिलं की सुरुवातीला रुग्ण झपाट्यानं सुधारतो आणि काही महिन्यांत जंतू औषधाला जुमानेनासे होतात, हे ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसलं होतं. दोन औषधं जोडीनं दिली तर जंतूंना ती पळवाट सहज मिळत नाही, हेही लवकरच कळलं. आयसोनियाझिड आणि पीएएस ही जोडी तोंडानं घ्यायची होती. सुई नको, सुई टोचणारा नको.

इथेच या प्रकरणातला प्रश्न उभा राहिला. गोळी तोंडानंच घ्यायची, तर माणसानं घर सोडून खाटेवर का पडायचं?

हा प्रश्न लंडनमध्ये विचारणं सोपं होतं. तिथल्या रुग्णाच्या घरी निदान पोटभर अन्न होतं, निजायला वेगळी खोली मिळण्याची शक्यता होती. खरी परीक्षा दाटीच्या, गरीब शहरात व्हायला हवी होती. 1956 मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात ट्यूबरक्युलॉसिस किमोथेरपी सेंटर सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे त्यामागे होते. वॉलेस फॉक्स हा ब्रिटिश डॉक्टर प्रमुख म्हणून आला. सोबत भारतीय डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतली माणसं आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिका होत्या. या शेवटच्या मंडळींबद्दल पुढे बोलायचं आहे, कारण माझ्या मते हे प्रकरण मुळात त्यांचं आहे.

रचना साधी होती आणि तिच्यात पळवाट नव्हती. शहरातले बारा वर्षांवरचे, थुंकीत जंतू असलेले, आधी औषध न घेतलेले 193 रुग्ण. त्यांना घरी ठेवायचं की सॅनेटोरियममध्ये हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, नातेवाइकांनी नाही, रुग्णाच्या ऐपतीनंही नाही. ते यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलं. 96 जण घरच्या गटात गेले, 97 सॅनेटोरियमच्या. औषध दोघांना एकच, जोडी तीच, मुदत तीच, एक वर्ष. डॉक्टरांच्या हाती निवड असती, तर घरी औषध द्यायला त्यांनी बरी दिसणारी माणसंच निवडली असती आणि निकालाला काही किंमत उरली नसती. उलट झालं असं की, योगायोगानं घरच्या गटाच्या वाट्यालाच थोडा जास्त पसरलेला रोग आला.

दोन्ही गटांच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक होता. सॅनेटोरियममधला रुग्ण पडून राहायचा, नर्सच्या देखत औषध घ्यायचा, चांगलं जेवायचा. घरचा रुग्ण दाटीच्या घरात बायकामुलांच्या सोबतीनं निजायचा आणि जे शिजेल ते खायचा. बरं वाटू लागलं की कामाला लागायचा, कारण हातावर पोट होतं. विश्रांती, आहार, देखरेख, मोकळी हवा या चारही बाबतींत तो मागे होता.

आता त्या औषधाकडे जरा जवळून पाहू. आज टीबीची गोळी म्हटली की चार औषधं एकत्र असलेली तांबूस गोळी डोळ्यांपुढे येते. पीएएसचं तसं नव्हतं. त्याचा दिवसाचा डोस 10 ग्रॅमच्या आसपास असायचा. घरातल्या तराजूत 10 ग्रॅम पूड टाकून पाहा, म्हणजे कळेल की हे औषध चिमटीत मावणारं नव्हतं. मोठमोठ्या पुड्यांसारख्या कॅशेमध्ये, म्हणजे गिळता येणाऱ्या पातळ वेष्टणात, ते भरलेलं असायचं. दिवसाचे 10 ग्रॅम म्हणजे वर्षाचं साडेतीन किलोच्या वर. त्या वर्षभरात पोटात जाणारं आयसोनियाझिड, रोजचं 200 मिलिग्रॅम धरलं तर, सगळं मिळून 73 ग्रॅम भरतं. एक औषध मुठीत मावणारं, दुसऱ्यासाठी डबा हवा. त्यात पीएएसनं मळमळतं, जुलाब होतात, तोंडाची चव जाते. आणि हे सगळं कुणी सोसायचं? दोन-तीन महिन्यांत ज्याचा ताप गेला, खोकला बसला, वजन चढलं आणि आपण बरे झालो असं ज्याला मनापासून वाटतंय, त्यानं. पुढचे नऊ महिने.

मळमळ आणणाऱ्या पीएएसचं काम आयसोनियाझिडची पाठराखण करायचं. रुग्णाला त्याचा गुण वेगळा असा जाणवत नाही. त्यामुळे हात आखडतो तो याच पुड्यांवर. पुड्या बाजूला पडल्या आणि नुसतं आयसोनियाझिड चालू राहिलं, की जंतूंना ती पळवाट पुन्हा सापडते.

चेटपेटच्या डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रुग्णाच्या शब्दावर विसंबून काम केलं नाही, पण त्याच्यावर गुरकावलेही नाहीत. रुग्ण दर आठवड्याला केंद्रात येऊन औषध घेऊन जायचा. मधल्या दिवसांत परिचारिका न कळवता घरी यायची, शिल्लक पुड्या मोजायची आणि लघवीचा नमुना घ्यायची. पीएएस पोटात गेलं असेल तर फेरिक क्लोराइड हे रसायन टाकल्यावर लघवीचा रंग तांबूस-जांभळा होतो. नसेल गेलं, तर होत नाही. खर्च जवळजवळ काही नाही आणि उत्तर तिथल्या तिथे. पुड्या नाल्यात टाकून डबा रिकामा दाखवता येतो, रंग मात्र तसा आणता येत नाही.

रंग आला नाही म्हणून कुणाचं नाव कापलं जात नसे. का घेतलं नाही, हे विचारलं जाई. पोट बिघडलं होतं? नवरा-बायकोचं भांडण झालं होतं? रोजंदारी बुडेल म्हणून केंद्रात येता आलं नाही? कारण कळलं तर काही करता येतं. घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाला औषधाची काळजी घ्यायला सांगितलं जाई. कोण चुकला, कोण आला नाही, हे केंद्राला दुसऱ्या दिवशी माहीत असायचं आणि कुणीतरी त्याच्या दारात उभं राहायचं. हे वाचताना मला वाटतं, खाटेची जागा या मंडळींनी गोळीनं भरून काढली नव्हती. ती त्यांनी आपल्या पायांनी भरून काढली होती.

निकाल 1959 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. वर्षाअखेर घरच्या गटातल्या 86 टक्के रुग्णांत रोग शांत झाला होता, सॅनेटोरियमच्या गटात 92 टक्के. शांत म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. थुंकी वारंवार तपासून, तिच्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहून, जंतू सापडत नाहीत तेव्हाच शांत. सॅनेटोरियममध्ये जंतू थोडे लवकर नाहीसे झाले, पण वर्षअखेरीचा फरक इतका कमी होता की, त्यासाठी वर्षभर घर सोडा असं कुणाला सांगता आलं नसतं. दाटीवाटी, अपुरं अन्न, कष्ट हे सगळं विरोधात असून औषधानं घरात जवळजवळ तेवढंच काम केलं. सॅनेटोरियममधून काही जण वर्ष पुरं व्हायच्या आधीच निघूनही गेले. कमावता माणूस वर्षभर खाटेवर आणि मागे चूल बंद, हे किती दिवस सोसणार? घरच्या गटात असं निघून जाणं फारसं झालंच नाही. घर सोडून कुठे जाणार?

ज्यांचे जंतू गेले नाहीत, त्यांच्याकडेही पाहायला हवं. 86 टक्के म्हणजे सातातले सहा. सातव्याच्या अंगात बहुधा आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू तयार झालेले होते. ते त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत श्वासाबरोबर जाणार होते. पुढे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं जे संकट आलं, त्याची मुळं अशा सातव्या माणसांत आहेत.

आहाराचा भाग वेगळा छापला गेला, 1961 मध्ये. सॅनेटोरियमच्या रुग्णांचं वजन वर्षभरात सरासरी 20 पौंडांच्या आसपास वाढलं, घरच्यांचं 11 पौंडांच्या. पण कमी खाणाऱ्याचे जंतू गेले नाहीत, असं काही दिसलं नाही. जंतू मारायचं काम औषध करतं, अन्न नाही, इतकं या अभ्यासानं नक्की सांगितलं. लोकांनी त्यापुढे एक पाऊल टाकून 'अन्नाचा काही संबंध नाही' असं वाचलं आणि ते वाचन मला कायम खटकत आलं आहे. 11 पौंडांवर थांबलेला माणूस जंतूमुक्त असेल, पण हमाली करायला परत उभा राहायला त्याला अंगात ताकद हवी, आणि त्याच्या उपाशी मुलांना रोग होणार नाही असं या आकड्यांत कुठेच म्हटलेलं नाही. झारखंडमध्ये 2019 नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्या माणसांना अन्नधान्य पुरवलं, तेव्हा त्यांच्यातला नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे औषध रुग्णासाठी आणि अन्न सगळ्या घरासाठी. आज सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात आहारासाठी पैसे येतात. ते घरातल्या इतर पोटांचा विचार करून ठरलेले असते, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

सगळ्यांत नाजूक प्रश्न घरातल्या इतरांचा होता. रुग्णाला वर्षभर मुलांच्या शेजारी ठेवलं तर मुलांना रोग होणार नाही का? सॅनेटोरियमच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा हुकमी मुद्दा होता आणि तो खोटा म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यामुळे दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या घरच्या माणसांचे सुरुवातीलाच एक्स-रे काढले गेले, क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे दाखवणारी ट्युबरक्युलिन चाचणी झाली, आणि नंतर पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ज्या घरातला रुग्ण सॅनेटोरियममध्ये गेला त्या घरापेक्षा, रुग्ण घरीच राहिलेल्या घरात रोग जास्त झाला नाही. नातलगांतले बरेच जण पहिल्याच तपासणीत आजारी निघाले आणि पुढचे आजारी मुख्यतः सुरुवातीच्या काळात. अर्थ स्पष्ट होता. जो संसर्ग व्हायचा तो निदान होण्याआधीच्या महिन्यांत, खोकला 'साधाच आहे' म्हणून अंगावर काढण्याच्या काळात होऊन गेलेला होता. औषध सुरू झाल्यावर रुग्णाला घराबाहेर काढून टाळता येण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं.

हे वाचताना मला माझ्या आजोळचा पितळी पेला आठवतो. त्यावर एका नातलगाचं नाव कोरलेलं होतं, तशी पद्धतच होती. पण तो पेला मांडणीवर इतरांच्या ओळीत कधी नसे. खिडकीच्या कोनाड्यात, एकटा. मला तेव्हा वाटायचं की त्यांना मान म्हणून वेगळा पेला आहे. मोठं झाल्यावर कळलं, त्यांना तरुणपणी क्षय झाला होता आणि ते बरे होऊन वीस वर्षं लोटली तरी पेला कोनाड्यातच राहिला. क्षयाचे जंतू भांड्यातून पसरत नाहीत, ते खोकल्यातून हवेत जातात आणि हवेतून फुप्फुसात. औषध नियमित सुरू झालं की ते झपाट्यानं कमी होतात. मद्रासच्या घरांनी हे दाखवून दिलं होतं, पण ती बातमी आमच्या मांडणीपर्यंत पोचली नाही.

बातमी पोचली ती सरकारी कचेऱ्यांत. 1959 मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि 1962 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम. घरी राहून उपचार हा त्याचा पाया होता. खाटांची वाट न पाहता जिल्ह्याजिल्ह्यात औषध देता येईल, हे मद्रासनं सिद्ध केलंच होतं. इतर देशांतही सॅनेटोरियमची दारं बंद व्हायला लागली, त्यात या 193 माणसांचा वाटा मोठा होता.

पण निकालातला अर्धाच भाग उचलला गेला, असं माझं ठाम मत आहे. 'खाट नको' हा भाग स्वस्त होता, तो घेतला. 'दारात जा' हा भाग माणसं मागत होता, तो मागे पडला. मद्रासला आठवड्याला औषध दिलं जाई, कार्यक्रमात ते महिन्याला दिलं जाऊ लागलं. रुग्ण आला नाही तर पत्र पाठवायचं, पत्रानं आला नाही तर रजिस्टरात 'औषध सोडलं' असा शेरा मारायचा. बंगलोरच्या त्याच संस्थेतल्या बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी 1963 मध्ये छापली गेली, तिच्यात दिसलं की थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आपणहून दवाखान्यात जाऊन आलेले होते. बहुतेकांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. लोक येत नाहीत, लोकांना कळत नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही ऐकू येते. लोक आले होते. 1992 मध्ये कार्यक्रमाची तपासणी झाली, तेव्हा उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी निघालं. मद्रासमध्ये ज्या उपचारानं सातातले सहा बरे केले होते, तोच पाया होता. बदललं होतं ते एवढंच की मधल्या दिवसांत दार वाजवणारं कुणी नव्हतं.

चेटपेटच्या माणसांना ही अडचण इतर कुणाच्याही आधी दिसली होती. म्हणून त्यांनी पुढच्या एका चाचणीत औषध रुग्णाच्या हाती सोपवलंच नाही. 1964 मध्ये त्यांनी आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिडचा निकाल छापला. रुग्ण केंद्रात येई, परिचारिकेसमोर औषध घेई, घरी जाई. रोजच्या घरच्या औषधापेक्षा हे कमी पडलं नाही. पुढे 'डॉट्स' म्हणून, म्हणजे कुणाच्या तरी समोर औषध घेण्याची पद्धत म्हणून, जगभर जे पोचलं, त्याचं एक बी इथलं आहे. तरी आठवड्यातून दोनदा रोजंदारी बुडवून केंद्रात कोण येणार, हा प्रश्न राहिलाच. आजही अनेक ठिकाणी 'समोर औषध घ्या' याचा अर्थ रुग्णानं यावं असाच धरला जातो, कुणी जावं असा नाही.

गेल्या पावसाळ्यात मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चाळीतली एक खोली, मोठ्या मुलाला टीबी, चौथा महिना. आईनं कॅलेंडरवर प्रत्येक दिवशी पेन्सिलनं एक बारीक रेघ मारली होती. मधले चार दिवस कोरे होते. मी विचारलं तर म्हणाली, "तेव्हा त्याचं पोट फार बिघडलं होतं हो. मग परत सुरू केलं."

"कुणी विचारायला आलं होतं का, मावशी?"

"फोन आलेला. पण तो त्याच्या फोनवर आला, आणि तो म्हणाला घेतो."

तिनं कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. कोरे चार दिवस तिनं खोडले नव्हते, भरलेही नव्हते. खरं ते तसंच ठेवलं होतं, कुणीतरी पाहायला येईल म्हणून.